कणव उपजत की शिकवलेली? आणि देवाधर्माचा त्यात वाटा किती?

लोकमान्यनगरकर
परवा इथेच इंदूरला, सुदामानगरात आत्याकडे सत्यनारायण होता. धुणंभांडी करणाऱ्या ताईंचा दीडेक वर्षाचा मुलगा दाराशी रडायला लागला. माझी भाची त्याच्याच वयाची. ती दुडुदुडु गेली आणि हातातलं अर्धं चोखलेलं बिस्किट त्याच्या तोंडात कोंबून आली. आत्या लगेच म्हणाली, "संस्कार! रोज दिव्यापाशी शुभंकरोति ऐकते ना!" अहो, तिला अजून 'पाणी' म्हणता येत नाही.

माझं मत सरळ आहे, कणव पोटातूनच येते. १९७६ साली सागी आणि हॉफमन यांनी एक-दोन दिवसांच्या बाळांना दुसऱ्या बाळाचं रडणं ऐकवलं. यंत्राने काढलेल्या रडण्यापेक्षा खऱ्या रडण्याला ती जास्त रडली. २००६ मध्ये वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर कपड्यांचा चिमटा खाली पाडला. हातातून निसटला असं वाटलं की बरीच मुलं उचलून द्यायची, मुद्दाम टाकलेला दिसला की सहसा नाही. बक्षीस काही नव्हतं. माणसांत वाढलेल्या तीन चिंपांझींनीही थोडीफार मदत केली. त्यांच्यापुढे कोणी दिवा लावला होता?

सराफ्यातली_मावशी
बाळाला बाळाचं रडणं लागतं ते जांभईसारखं. त्याला कणव म्हणायची घाई नको.

आमच्या वाड्यात पावसाळा संपला की चतुर पकडायचे आणि शेपटीला दोरा बांधून उडवायचे, हा आम्हा पोरींचा आवडता उद्योग. चतुराला दुखत असेल हे डोक्यातच यायचं नाही. एकदा आजीने पाहिलं. काही बोलली नाही. माझी वेणी दोऱ्याने खिडकीच्या गजाला बांधली आणि पोहे भिजवायला निघून गेली. पाच मिनिटं असेल, मला तास वाटला. परत चतुराला हात लावला नाही. देवाचं, पापपुण्याचं नावही आजीने काढलं नव्हतं.

तेव्हा शिकवावी लागते, बरं का. पोथी मात्र लागत नाही.

कावडवाला
मावशी, आजीला कोणी शिकवलं? तिने आयुष्यभर कीर्तनंच ऐकली असतील ना? काशीहून आणलेलं गंगेचं पाणी रामेश्वराला न वाहता तहानलेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ महाराज आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत. 'गाढवातही तोच आहे' हे कोणीतरी आधी सांगावं लागतं. हुकमावर 'श्री शंकर' लिहिणाऱ्या अहिल्यादेवींनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्या कोणत्या प्रयोगशाळेत शिकून? भाची बिस्किट देते ते समोरच्या पोराला. न पाहिलेल्या वाटसरूसाठी विहीर खणायला धर्म लागतो.

बारीक_शेव
भिया, त्याच गोष्टीत एकनाथांबरोबर आणखी यात्रेकरू होते. त्यांच्याही खांद्यावर कावड, त्यांच्याही तोंडी तेच नाव. आणि तेच म्हणाले की पाणी वाया घालवलं! धर्म एकच, मग फरक कशाचा?

१९७३ चा डार्ली आणि बॅटसन यांचा प्रयोग वाचा. अमेरिकेत धर्मशिक्षण घेणारे ४० विद्यार्थी. काहींना भाषणासाठी विषय दिला होता तो बायबलातल्या गोष्टीचा, वाटेत लुटलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची. भाषणाला जाताना वाटेत एक माणूस वाकून खोकत बसवलेला. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, फार घाईत असलेल्यांपैकी १० टक्के. भाषणाचा विषय तीच गोष्ट असल्याने म्हणावा असा फरक पडला नाही.

आणि धार्मिक घरांतली मुलं उलट कमी वाटून खातात, असा २०१५ चा मोठा अभ्यास आहे.

कावडवाला
तो २०१५ चा अभ्यास २०१९ मध्ये मागे घेतला गेला. देशांना ओळखीपुरते दिलेले क्रमांक चक्क मोजमापाचे आकडे समजून गणितात घेतले होते. फेकण्याआधी बघत जा. आणि ते ४० जण सगळेच धर्मशिक्षणवाले. देव न मानणारे ४० कुठे उभे केले होते तुलनेला? त्यातून घाई वाईट एवढंच सिद्ध होतं. धर्म तरी दुसरं काय सांगतो? थांब म्हणतो.

बारीक_शेव
अभ्यासाचं मान्य, चूक माझी. बाकी नाही.

शिप्रा_नाका
एवढ्या लांब कशाला जाता? जानेवारी २०२१ आठवा. ऐन थंडीत पालिकेच्या गाडीतून फुटपाथवरचे म्हातारे शहराबाहेर शिप्रा गावापाशी नेऊन उतरवत होते. गावकऱ्यांनी अडवलं, व्हिडिओ काढला, सगळ्यांना परत गाडीत बसवायला लावलं. उतरवणाऱ्यांच्या घरी आईबाप नसतील? सणवार नसतील? गणपती त्यांचाही आणि गावकऱ्यांचाही. एकाला ते म्हातारे दिसले, दुसऱ्याला उरकायचं काम दिसलं. मी उपजत-शिकवलेलं यात पडत नाही. मला वाटतं, कणव सगळ्यांकडे असते, ती कोणावर खर्चायची याची यादी मात्र घरीदारी बनते. देवळातही बनते, दफ्तरातही.

पुढे जिल्हाधिकाऱ्यांनी माफी मागितली. खजराना गणपतीकडे!

कावडवाला
त्यात हसण्यासारखं काय आहे? चुकलं हे देवापुढे तरी कबूल केलं. न मानणारा कोणापुढे जाईल?

शिप्रा_नाका
त्या म्हाताऱ्यांपुढे.

सराफ्यातली_मावशी
यादीचा मुद्दा पटला. लोकमान्यनगरकर, एक विचारते, राग मानू नका. त्या ताईंना प्रसाद कधी मिळाला?

लोकमान्यनगरकर
सगळ्यांचं झाल्यावर. आम्हाला स्टीलच्या वाट्यांत होता, त्यांना कागदी द्रोणात. भाचीने त्या द्रोणातलाच मागितला, तर आत्याने तिला उचलून आत नेलं.

मी तिथेच होतो, मावशी. काही बोललो नाही.