संघबांधणीसाठी व्यक्तिमत्त्व चाचणी : निकालावर हक्क कोणाचा?

प्रश्न (गटप्रमुख, हिंजवडी)

नमस्कार. आमच्या गटासाठी मनुष्यबळ विभागाने संघबांधणीची कार्यशाळा ठरवली असून, तिच्याआधी प्रत्येकाने मायर्स-ब्रिग्ज चाचणी भरून द्यायची आहे. प्रत्येकाचा चार अक्षरी प्रकार (अंतर्मुख की बहिर्मुख अशा चार जोड्यांतून एकेक अक्षर घेऊन ठरणारा स्वभावप्रकार) कार्यशाळेत भिंतीवर लावला जाईल आणि सर्वांच्या निकालांची एक प्रत माझ्याकडे राहील, अशी योजना आहे. चाचणी ऐच्छिक असल्याचे ई-मेलमध्ये लिहिले आहे. मात्र न भरणाऱ्यांची नावे मी कळवावीत, असेही त्याच ई-मेलमध्ये आहे. अप्रेझल तोंडावर आले असताना एका सहकाऱ्याने मला विचारले, “मॅडम, नाही भरली तर चालेल ना?” त्याला काय सांगावे आणि विभागाकडे नेमके काय मागावे, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (औद्योगिक मानसशास्त्राची अध्यापिका)

ज्याची नावे वर कळवली जातात तो नकार ऐच्छिक राहत नाही, त्यामुळे आपल्या सहकाऱ्याची शंका रास्त आहे. ही चाचणी ज्यांच्या मालकीची आहे त्या प्रकाशकांचीच भूमिका अशी आहे की सहभाग स्वेच्छेने असावा, निकाल गोपनीय राहावा आणि नोकरभरतीसाठी तिचा वापर करू नये. म्हणजे भिंतीवरचा तक्ता खुद्द चाचणीच्या नियमांत बसत नाही.

निकालाचे वजन किती मानावे, हेही पाहायला हवे. कार्ल युंग यांच्या १९२१ च्या मांडणीवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनी ही चाचणी घडवली. दोघींचेही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. माझा मुख्य आक्षेप मात्र मोजण्याच्या रीतीवर आहे. अंतर्मुखता आणि बहिर्मुखता ही दोन टोके असून बहुतेक माणसे मधल्या पट्ट्यात असतात. चाचणी मात्र मधोमध रेघ ओढून त्यांना इकडे किंवा तिकडे ढकलते, आणि म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यावर पुष्कळांचे एखादे अक्षर बदलते. पंचघटक प्रारूपात, म्हणजे स्वभाव पाच घटकांवर मोजणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत, असे कप्पे नसतात, गुणांची पट्टी असते. संशोधनाच्या दृष्टीने ते अधिक भक्कम आहे. पण नेमके त्यामुळेच तो निकाल उघड करणे अधिक जोखमीचे ठरते, कारण भावनिक अस्थैर्य हा त्यातील एक घटक आहे आणि आपला त्यातला गुणांक साहेबांच्या टेबलावर पडलेला कोणालाही नको असेल.

उत्तर २ (कामगार कायद्याचा वकील)

अमेरिकेत ‘कराकर विरुद्ध रेंट-ए-सेंटर’ या खटल्यात २००५ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरली जाणारी एमएमपीआय ही चाचणी बढतीसाठी वापरणे म्हणजे कर्मचाऱ्याची वैद्यकीय तपासणीच होय आणि अपंगत्वविषयक कायद्याने तिला मनाई आहे. मायर्स-ब्रिग्ज त्या जातीची नाही, तेव्हा हा निर्णय तिला जसाच्या तसा लावू नये.

आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातील बंधने टप्प्याटप्प्याने अंमलात येत आहेत. त्याच्या कलम ६ नुसार संमती मुक्त आणि विनाअट असायला हवी, परंतु कलम ७ नोकरीच्या कारणांसाठी संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा देते. संघबांधणीचा खेळ त्या मुभेत बसतो असे मला वाटत नाही. तरीही कंपनी तिचा आधार घेऊ शकते, म्हणून निव्वळ कायद्यावर विसंबू नका. चाचणीचा हेतू, निकाल पाहणाऱ्यांची नावे आणि तो नष्ट करण्याची तारीख चाचणीपूर्वी लेखी घ्या.

उत्तर ३ (उत्पादन क्षेत्र, नाशिक)

आमच्या जुन्या कंपनीत अशाच कार्यशाळेनंतर एका सहकारी ताईंना ‘अंतर्मुख’ ठरवून ग्राहकांच्या बैठकांतून वगळण्यात आले. लेखी आदेश कुठेच नव्हता. “त्यांना ते जड जाईल” एवढेच बोलले गेले, त्यामुळे तक्रार कशाविरुद्ध करायची हेही त्यांना ठरवता येईना. आपण आपल्याकडची प्रत नाकारावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. सहकाऱ्यांचे अप्रेझल आपणच लिहिणार आहात, आणि एकदा वाचलेला शिक्का गुण देताना मनातून पुसता येत नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. प्रत आणि तक्ता दोन्ही नको, निकाल ज्याचा त्यालाच मिळावा आणि न भरणाऱ्यांची नावे मी देणार नाही, असे आज लेखी कळवते. सहकाऱ्यालाही तसे सांगते. गेल्या वर्षीच्या कार्यशाळेचे निकाल विभागाकडे अजून असावेत. तेही मागता येतील का?

उत्तर २

मागा. प्रत्येकाने आपापल्या निकालापुरता स्वतंत्र अर्ज करावा, प्रत मिळाल्यावर मूळ नोंद काढून टाकण्याची विनंती त्याच अर्जात करावी आणि पोच जपून ठेवावी.