शाळेतून मानसशास्त्राच्या संशोधनाचं संमतीपत्र आलंय, सही करू का?

भिंगरीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा सहावीत आहे, मराठी माध्यम, वय ११. काल दप्तर झाडताना तळाशी एक चुरगळलेला कागद सापडला, त्यावर लोणच्याच्या तेलाचा डाग, म्हणजे कधीचा पडलेला असेल देव जाणे. कोणी पीएचडी करणारी मुलगी 'परीक्षेची भीती' या विषयावर शाळेत संशोधन करणार आहे, आठ तासिका होणार, त्या वर्गशिक्षिकाच घेणार, आधी आणि नंतर मुलं प्रश्नावली भरणार, आणि बाई पण प्रत्येक मुलाबद्दल २५ प्रश्नांचा फॉर्म भरणार. अ तुकडीला आत्ता आणि ब तुकडीला दिवाळीनंतर. आमचा ब मध्ये, म्हणजे सहामाही गेल्यावर भीती घालवणार, वा!
पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. बाई दर पालकसभेत म्हणतात की तुमचा मुलगा म्हणजे नुसती भिंगरी. मग त्या फॉर्ममध्ये काय येणार ते मला आत्ताच माहितीये. तो कागद कुठे जाणार, उद्या कोणी म्हणालं याला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आहे तर? आणि खाली लिहिलंय 'शुक्रवारपर्यंत नकार न कळवल्यास संमती गृहीत धरली जाईल'. नवरा म्हणतो कर सही आणि संपव विषय. कोणाला अनुभव आहे का?

समुपदेशक_पुणे
ताई, आधी फॉर्मचं सांगते. २५ प्रश्न म्हणजे बहुतेक एसडीक्यू असणार, मुलांच्या वागण्याबद्दलचा आणि भावनांबद्दलचा फॉर्म, रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये काढलेला, जगभर शाळांमध्ये वापरतात. शिक्षकाने प्रत्येक वाक्यापुढे 'बरोबर नाही', 'थोडंफार बरोबर', 'अगदी बरोबर' यातलं एक निवडायचं. पाच गट असतात, त्यातला एक चांगल्या वागण्याचा, दुसऱ्याला मदत करतो का वगैरे, तो अडचणींच्या बेरजेत धरत नाहीत, उरलेल्या २० प्रश्नांचे जास्तीत जास्त ४० गुण. ही फक्त चाळणी आहे, निदान नाही. एकट्या बाईंनी केलेल्या खुणांवरून एडीएचडी कोणालाच ठरवता येत नाही, लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून हवीत आणि किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, म्हणजे शाळेत आणि घरी वगैरे. घरी दोन तास लेगो लावत बसत असेल तर तेही सांगायचं असतं, अर्थात आवडीच्या गोष्टीत रमतो एवढ्यावरून 'नाही' असंही म्हणता येत नाही, ते ठरवायला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा डॉक्टरच हवेत.
दिवाळीनंतरचं म्हणाल तर त्यात लबाडी नाही, त्याला वेटलिस्ट कंट्रोल म्हणतात, तुलनेला कोणीतरी लागतं आणि कोणाला कायमचं वंचित ठेवायचं नाही म्हणून नंतर देतात.
पण ते शुक्रवारचं वाक्य मला अजिबात पटलं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमावलीत मुलांच्या बाबतीत पालकांची संमती तर लागतेच, शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ च्या पुढे लेखी होकार घ्यायचा असतो. पालकांच्या संमतीतून सूट द्यायची की नाही हे एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधन नीतीला धरून आहे का ते तपासणारी समिती ठरवते, शाळा किंवा ती विद्यार्थिनी नाही. कमिटीचं पत्र मागा. खरं संशोधन असेल तर ती मुलगी अर्ध्या तासात फोटो पाठवेल.

झेडपी_गुरुजी
मी फॉर्म भरणाऱ्या बाजूचा माणूस. दोन वर्षांपूर्वी असंच एक आलं होतं, माझ्या वर्गात ३८ मुलं, म्हणजे ३८ गुणिले २५, करा हिशोब. शनिवारी शाळा सुटल्यावर बसलो, पहिली पाच-सहा मुलं नीट आठवून भरली, मग हात आपोआप चालायला लागला. जो मुलगा गृहपाठ आणत नाही त्याला मारामारीतही टिक, खोटं बोलण्यातही टिक, आणि पहिल्या बाकावरची मुलगी सगळ्यात गुणी. तिला मैत्रीण एकही नव्हती हे मला पुढच्या वर्षी कळलं, आणि 'एकतरी चांगला मित्र आहे' हा प्रश्न त्या फॉर्मात होता हो. मी 'अगदी बरोबर' केलं होतं.
आणि एक, मुलांची संमती, पालकांची संमती सगळं विचारता, आम्हाला कोणी विचारलं? मुख्याध्यापकांनी टेबलावर गठ्ठा ठेवला की झालं. आठ तासिका पण आम्हीच घ्यायच्या, प्रशिक्षण किती तर एक दुपार.

मांडवीकाठ
गुरुजी, तुमच्या शेवटच्या वाक्यावर आपल्याच देशात मोठा अभ्यास झालाय. गोव्यातल्या 'संगत' संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांमध्ये केला, 'सेहर' नावाने, २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. कार्यक्रम एकच, पण काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या समुपदेशकाने चालवला, आणि हे कोणी पदवीधर मानसशास्त्रज्ञ नव्हते बरं का, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं, आणि काही शाळांत तिथल्याच एका शिक्षकाने. समुपदेशकवाल्या शाळांत नववीच्या मुलांमधली नैराश्याची लक्षणं कमी झाली, दादागिरी कमी झाली, शाळेतलं वातावरणच बदललं. शिक्षकवाल्या शाळांत काहीच फरक नाही, जिथे हा कार्यक्रम नव्हताच त्या शाळांसारखंच.

झेडपी_गुरुजी
यावरून शिक्षक नालायक असं कोणी लिहू नका प्लीज. जो माणूस सकाळी गणितात नापास करतो त्यालाच दुपारी मनातलं सांगायचं, कोणतं पोर सांगेल?

मांडवीकाठ
तेच म्हणतोय. आणि ताई, ७४ शाळांसमोर इथे दोन तुकड्या. अ तुकडी सुधारली तर ती त्या आठ तासिकांमुळे की अ च्या बाई मुळातच प्रेमळ आहेत म्हणून, हे दोन तुकड्यांत वेगळं काढताच येणार नाही. हे तिच्या गाइडने सांगायला हवं होतं, असो.

जुना_वाचक
एक जुना प्रयोग आठवला. साठच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत रोझेन्थॉल आणि जेकबसन या संशोधकांनी शिक्षकांना सांगितलं की चाचणीनुसार ही अमुक मुलं यंदा चमकणार. नावं खरंतर चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली, साधारण पाचातलं एक मूल. वर्षअखेरीस पहिली-दुसरीच्या त्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा जास्त वाढलेला निघाला. पुढे त्यावर टीकाही भरपूर झाली, वरच्या वर्गांत तसं दिसलं नव्हतं. तरी माझा मुद्दा एवढाच की चांगला शेरा बाईंच्या कानावर गेला तर असं होऊ शकतं, मग वाईट गेला तर? मुलाचे आकडे बाईंना दिसणार का, एवढंच विचारा.

समुपदेशक_पुणे
+१. कागदावर नाव असणार की कोड नंबर, हेही विचारा. आणि कोणाचे गुण काळजी करण्यासारखे आले तर पुढे काय करणार, कोणाकडे पाठवणार? बऱ्याच प्रबंधांत इथेच गाडी अडते, मूल सापडतं आणि तिथेच राहतं. परीक्षेची भीती म्हणून ज्याच्यावर खूण होते तो कित्येकदा वाचतानाच अडखळत असतो, त्याला श्वासाचे व्यायाम देऊन काय उपयोग?

भिंगरीची_आई
सगळ्यांचे आभार. काल त्या मुलीशी बोलले, बिचारी घाबरूनच गेली, मला वाटलं मीच तिची परीक्षा घेतेय. पत्र आलं, त्यात सरळ लिहिलंय की पालकांची लेखी संमती घ्यावी, ते शुक्रवारचं वाक्य शाळेने आपलं आपण टाकलेलं, सह्या गोळा करायचा कंटाळा. कागदावर नाव नाही, नंबर असणार, मुलांची पाकिटं ती स्वतः वर्गातून बंद करून नेणार, बाईंना दिसणार नाहीत. काळजीचं आलं तर ती आणि तिच्या गाइड आधी पालकांना फोन करणार. दोन तुकड्यांचं विचारलं तर म्हणाली गाइडना माहितीये, दुसरी शाळा मिळाली नाही.
मग चिरंजिवांना विचारलं, भरशील का रे. त्याने एकच विचारलं, "बाई बघणार?" नाही म्हटलं. "मग खरं लिहू?" म्हणाला आणि गेला खेळायला. सही केलीये. बाईंच्या फॉर्मचं काय ते होईल, गुरुजींची पोस्ट तेवढी त्यांना फॉरवर्ड करू का विचार करतेय.

झेडपी_गुरुजी
नाव झाकून करा, माझी बायको त्याच तालुक्यात शिक्षिका आहे 😄