गाड्या आल्या, डिझेलचं काय?

या चर्चेत वर एकांनी सुचवलंय की सरकारने पोलिसांच्या निधीला कात्री लावली तर नगरपालिकेने भार उचलावा. अहो, आमच्या पालिकेला पथदिव्यांचं बिल भरणं होईना! शिवाय पोलीस हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला, म्हणजे राज्य सरकारच्या अखत्यारीतला विषय. पगारापासून डिझेलपर्यंत सगळं गृह खात्याकडून येतं. जिल्हा नियोजन समितीतून गाड्या, सीसीटीव्ही मिळतात, पण तोही राज्याचाच पैसा. पालकमंत्री हिरवा झेंडा दाखवतात, पेपरात फोटो येतो, पुढे टाकी कोण भरणार हे कुणी विचारत नाही. मराठवाड्यात एकेका ठाण्याखाली कितीतरी गावं, वर तांडे-वस्त्या वेगळ्या. ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावावा तर गाडी हद्दीच्या पार दुसऱ्या टोकाला. कपात करायचीच असेल तर सुशोभीकरणात करा. 'पेट्रोल, तेल, वंगण' या खर्चाच्या शीर्षाला (बजेटमधल्या इंधनाच्या तरतुदीला) हात लावू नका, एवढं आमदारांकडून अधिवेशनात वदवून घ्या.