आवडेल अशी खात्री होती, पण...

गेल्या महिन्यात भाचीने माझ्या कपाटातून भालचंद्र नेमाडे यांचं ‘कोसला’ नेलं आणि चौथ्या दिवशी परत आणून ठेवलं. “मावशी, तू सांगायचीस तसं काही वाटलं नाही गं,” एवढंच म्हणाली. मला वाईट वाटलं. मग आठवलं, सतराव्या वर्षी मीही हे पुस्तक साठ-सत्तर पानांवर सोडलं होतं. मराठीच्या बाईंनी वर्गात त्याबद्दल इतक्या जिव्हाळ्याने सांगितलं होतं की मी वाचनालयात नंबर लावून ते मिळवलं. १९६३ सालची कादंबरी, पण बाई म्हणाल्या होत्या की ती आजच्या पोरांचीच आहे. मला गोष्ट हवी होती. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो, वसतिगृह, मेस, पैशांची ओढाताण, आणि मी प्रत्येक पानावर वाट बघत होते की आता काहीतरी सुरू होईल.

बत्तीसाव्या वर्षी, माझा धाकटा भाऊ गेल्यानंतर, पुन्हा हाती घेतलं. पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग आला तेव्हा पुस्तक उपडं ठेवून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. पण म्हणून सतराव्या वर्षीचा हिरमोड खोटा होता असं मी म्हणणार नाही. भाचीचाही नाही.

म्हणून हा धागा. नुसतं “कंटाळवाणं निघालं” असं लिहू नका. कुणाकडून ऐकलं होतं, कोणत्या वयात आणि कशाच्या आशेने पुस्तक उघडलं होतं, आणि मन नेमकं कुठे उतरलं, ते सविस्तर लिहा.

\*

२०१८ मध्ये ‘तुंबाड’ सिनेमा पाहून आम्ही चौघं मित्र भारावून बाहेर पडलो. तो पाऊस, तो वाडा, तो हस्तर. एक जण म्हणाला, अरे याची मराठीत कादंबरी आहे, श्री. ना. पेंडसे यांची, दोन खंड. मी त्याच रात्री ‘तुंबाडचे खोत’ मागवली. पार्सल आलं तेव्हा जाडी बघूनच आनंद झाला, की एवढी सगळी भीती आपल्याला पुरवून पुरवून वाचता येईल.

तीनशे पानांपर्यंत मी भुताची वाट पाहिली. जगबुडीच्या काठचं गाव, खोतांच्या पिढ्या, भाऊबंदकी, जमिनी, लग्नं, रुसवे. मग शोध घेतला तेव्हा कळलं की सिनेमाने कादंबरीचं फक्त नाव घेतलंय, कथेमागची प्रेरणा भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची आहे. मी चुकीच्या दारात उभा राहून घंटा वाजवत होतो.

पुस्तक तसंच पडून होतं. माझ्या आईचं माहेर त्याच भागातल्या खेडचं. तिने उन्हाळ्यात दोन्ही खंड वाचून काढले, आणि जेवताना मध्येच थांबून सांगायची, हा शब्द आमची आजी अस्साच म्हणायची. आता मीही पुन्हा सुरू केलंय. या वेळी पहिल्या पानापासून खोतांसाठी वाचतोय आणि चांगलं चाललंय.

\*

माझा अनुभव थोडा मोठा आहे.

नववीच्या सुट्टीत मी ‘मृत्युंजय’ वाचलं. दुपारी सगळे झोपले की माळ्याच्या जिन्यावर बसून वाचायचे. कर्णासाठी मी इतकी रडले आहे की आईने एकदा ताप बघितला होता. वह्यांच्या मागच्या पानावर त्याचं नाव लिहायचे. शिवाजी सावंतांनी एकेका व्यक्तीच्या तोंडून ती कथा सांगितली आहे, त्यामुळे कर्ण माझ्याशीच बोलतो आहे असं वाटायचं.

हे बघून बाबांनी वाढदिवसाला इरावतीबाई कर्व्यांचं ‘युगान्त’ दिलं. आता कर्णाबद्दल आणखी वाचायला मिळणार म्हणून मी सगळं सोडून त्याच्यावरचंच प्रकरण आधी उघडलं. आणि इरावतीबाई तर त्याला कुठेच सांभाळून घेत नाहीत! द्यूतसभेत त्याचं वागणं, घोषयात्रेत गंधर्वांपुढून पळून जाणं, सगळं आवाज न चढवता मांडतात. भांडारकर संस्थेच्या संशोधित आवृत्तीच्या आधाराने लिहितात, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. माझ्या घरच्या माणसाची कुणीतरी नालस्ती करतंय असं मला वाटलं. पुस्तक बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, “पटत नसेल तर मूळ महाभारतात जाऊन बघ.” मी खरंच गेले. गावच्या वाचनालयात महाभारताच्या भाषांतराचे जाडजूड खंड होते. सभापर्व काढून खिडकीपाशी बसले. द्रौपदीची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणारा कर्णच होता. मी ती ओळ तीन वेळा वाचली आणि खंड बंद करून घरी आले.

माझा अपेक्षाभंग ‘युगान्त’ने केला असं मी कितीतरी वर्षं सांगत आले. नीट पाहिलं तर मी कर्णावर रुसले होते. दोन्ही पुस्तकं १९६७ सालची, हे तर फार उशिरा लक्षात आलं. एकाच वर्षी मराठी वाचकाला दोन कर्ण मिळाले आणि मला ते वेगवेगळ्या वेळी भेटले. आता माझ्या कपाटात ती शेजारी शेजारी आहेत. ‘युगान्त’ मी पाच-सहा वेळा वाचलं असेन. ‘मृत्युंजय’ परत उघडायचं मात्र अजून धाडस झालेलं नाही.

\*

वरचं वाचून लिहितोय, कारण माझं अगदी उलट झालं. कॉलेजात आधी ‘युगान्त’ हाती आलं आणि नंतर मोठ्या आशेने ‘मृत्युंजय’. इरावतीबाईंच्या मोजक्या वाक्यांनंतर ती उपमांनी भरलेली भाषा मला पेलवेना. शंभर पानांत थांबलो. माझ्या बहिणीला त्यातले परिच्छेदच्या परिच्छेद पाठ आहेत. ती म्हणते, तू चुकीच्या क्रमाने वाचलंस. असेल तसंही.

\*

‘व्यक्ती आणि वल्ली’. आमच्या घरी पु. लं.च्या कॅसेट होत्या. अंतू बर्वा, हरितात्या, नारायण, सगळे मी आधी ऐकले, पुस्तक नंतर वाचलं. पोट धरून हसायचं ठरवूनच बसले होते. नंदा प्रधान आला आणि हसू कुठल्या कुठे गेलं. तेव्हा मी अकरा वर्षांची होते, फसवल्यासारखं वाटलं होतं. आज कुणी त्या पुस्तकातलं एकच प्रकरण ठेव म्हटलं तर मी नंदा प्रधानच ठेवीन.

\*

माझं लहानपण राम पटवर्धनांच्या ‘पाडस’वर आणि शांताबाई शेळक्यांच्या ‘चौघीजणी’वर गेलं. ‘पाडस’ हे मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या पुस्तकाचं भाषांतर आहे हे मुखपृष्ठावर लिहिलेलं असतं, पण दहा वर्षांच्या मुलाला त्याचं काय? फ्लॉरिडातला ज्योडी मला आमच्या वाडीतल्या पोरांइतकाच जवळचा होता.

त्यामुळे भाषांतरित पुस्तक म्हटलं की माझी पिशवी उघडीच असते. दोन वर्षांपूर्वी प्रदर्शनात एका गाजलेल्या परदेशी कादंबरीचा मराठी अनुवाद दिसला. कादंबरीची कीर्ती ऐकून होतो, इंग्रजीतून सलग वाचायची सवय नाही, म्हणून फार आनंदाने घेतला. वीस पानांत कळलं की काहीतरी बिनसलंय. त्यात आई पाच वर्षांच्या मुलाला ‘तुम्ही’ म्हणत होती. नवरा-बायको एकमेकांशी सरकारी पत्रात बोलावं तसं बोलत होते. एकेक वाक्य सात ओळींचं, क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर कर्ता विसरायला व्हायचा. मूळ लेखक मोठा आहे हे त्या भाषेतूनही मधूनमधून जाणवत होतं, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. काचेपलीकडे जेवणाचं ताट मांडलेलं दिसावं आणि दार सापडू नये, तसं.

ज्यांना इंग्रजी सहज वाचता येतं त्यांना दुसरी वाट असते. माझ्यासारख्यांना तो लेखक मराठीत मिळाला नाही तर तो मिळतच नाही. म्हणून अनुवादकाचं नाव आता मी लेखकाच्या नावाच्या आधी बघतो.

\*

मी अकरा वर्षं एडिनबराला आहे. दर खेपेला २३ किलोंच्या बॅगेत पाच-सहा किलो पुस्तकं असतातच. एकदा एका बाईंचं आत्मचरित्र नेलं होतं. कुणाचं ते सांगत नाही. घर सोडण्याचा निर्णय त्यांनी कसा घेतला, हे जाणून घ्यायचं म्हणूनच ते मी निवडलं होतं, कारण त्या काळात मीही तशाच विचारात होते.

१२८ व्या पानावर त्या बॅग भरायला घेतात आणि पुढचं पान १४५. सोळा पानांचा एक फर्मा बांधणीतच राहून गेला होता. बदलून आणायला पुढची खेप वर्षभराने. नाशिकला बहिणीने दुसरी प्रत मिळवेपर्यंत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत बसमध्ये, भांडी घासताना, रात्री जाग आल्यावर, ती सोळा पानं मी मनातल्या मनात लिहीत होते. त्यांनी काय म्हटलं असेल, कोण आडवं आलं असेल, दाराबाहेर पडल्यावर मागे वळून पाहिलं असेल का.

एका रविवारी बहिणीने ती पानं मला फोनवर वाचून दाखवली. घर सोडण्याचा प्रसंग अर्ध्या पानात संपला होता. उरलेल्या पानांत नवीन गावातली नोकरी, भाड्याची खोली, पहिल्या पगाराचा हिशेब. बहीण वाचायची थांबली आणि म्हणाली, “झालं एवढंच.” मी काही बोलले नाही. मला जे हवं होतं ते त्यांनी लिहिलेलंच नव्हतं. लिहायला त्या बांधीलही नव्हत्या.

\*

जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’ने झपाटलो आणि लगोलग ‘रमलखुणा’ घेतलं. त्यात दोनच दीर्घकथा, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. मला जी. एं.ची घरं, माणसं, त्यांचे आजार आणि अपमान हवे होते. इथे गाव नाही, ओळखीचं नाव नाही. तीनदा प्रयत्न केला, तीनदा मागे आलो. ज्यांना ते भावलं त्यांनी कुठून आत शिरायचं ते सांगावं, मनापासून विचारतोय.

\*

मी सार्वजनिक वाचनालयात सव्वीस वर्षं देवघेव विभागात काम केलं. २०१० मध्ये नेमाड्यांची ‘हिंदू’ आली तेव्हा आमच्याकडे दोन प्रती आणि नंबर लावलेल्यांची यादी वहीच्या तीन पानांवर. लोक रोज येऊन विचारायचे. मग प्रती परत यायला लागल्या, कधी चार दिवसांत, कधी दोन. पुस्तक परत घेताना मी पानं चाळून बघायचो, कारण लोकांची तिकिटं, चिठ्ठ्या, कधी नोटासुद्धा आत राहतात. त्या प्रतींमध्ये खुणा बहुतेक पहिल्या शंभर पानांतच सापडायच्या. खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननातून घरी निघालेला असायचा आणि वाचक वाटेत उतरलेला.

कुणी काही बोलायचं नाही. “झालं का वाचून?” विचारलं की मान हलवायचे. इतकी वर्षं वाट पाहिलेलं पुस्तक आपल्याला जमलं नाही हे काउंटरवर सांगायची माणसाला लाज वाटते, हे मी जवळून बघितलंय. एकच शेतकरी गृहस्थ असे होते की त्यांनी तीन वेळा नूतनीकरण करून ते संपवलं. मला म्हणाले, “घाई करायची नाही, रोज दहा पानं.”

\*

मी आजोबा आहे. नातीला, वय वर्षं आठ, ‘श्यामची आई’ रोज रात्री वाचून दाखवायला घेतलं. साने गुरुजींनी हे नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे तिला आधी सांगितलं. माझ्या लहानपणी आमची आई वाचायची आणि आम्ही चारही भावंडं रडायचो. तसंच होईल अशी माझी कल्पना होती.

श्याम पोहायला जायला घाबरतो आणि आई त्याला शिंपटीने मारते, तो भाग आला. नात उठून बसली. म्हणाली, “आबा, त्याला भीती वाटत होती ना? मग मारलं का?” मी तेव्हाचा काळ सांगितला, आईचं मन सांगितलं. तिला काही पटलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. पन्नास वर्षं जपलेलं पुस्तक हातात घेऊन मी बराच वेळ बसून होतो.

दुसऱ्या दिवशी मी ते काढलं नाही. तीच घेऊन आली. पाय मळू नयेत म्हणून आई दगडावर पदर पसरते ती गोष्ट काढून म्हणाली, “ही परत वाच. कालची नको.”