मदत हवी आहे: शिवकाळातल्या महजराची (गोतसभेच्या निवाडापत्राची) नक्कल न्यायाधीशांच्या दप्तरी जायची का?

नमस्कार. घरी पाटीलकीच्या वादातल्या एका महजराची झेरॉक्स आहे. मूळ कागद नाही. मोडी मला सावकाश का होईना वाचता येते. साल 'सबा सबैन व अलफ', म्हणजे शुहूर सन (तेव्हाच्या कागदांवरची अरबी अंकशब्दांतली कालगणना) १०७७, इसवी सन १६७६-७७. राज्याभिषेक १६७४चा, तेव्हा अष्टप्रधानांत न्यायाधीश निराजी रावजी. पण त्यांची मुद्रा कुठेच दिसत नाही. खाली फक्त गोताची, म्हणजे निवाड्याला बसलेल्या गावकऱ्यांची, निशाणं आहेत: नांगर, कुंभाराचं चाक, न्हाव्याचा आरसा. नांगराचा फाळ इतका नेटका काढलाय की बघत राहावं!

झेरॉक्सची कडा कापली गेली आहे, त्यामुळे मुद्रा तिथे असल्यास कळायला मार्ग नाही. मुंबईत काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात दोनदा जाऊन आलो, गावाच्या नावाने काही सापडलं नाही. पुण्याला पेशवे दप्तर बघायला एकच दिवस जाता येईल, म्हणून आधी विचारतोय. वतनाच्या हक्कासाठी नाही, गावाचा इतिहास नीट लिहायचाय.

गोतसभेने निवाडा दिल्यावर त्याची नक्कल न्यायाधीशांच्या दप्तरी ठेवत, की कागद फक्त वाद जिंकणाऱ्याच्या घरी राहायचा? आणि पुण्यात नेमके कोणते रुमाल (कागदांचे बांधलेले गठ्ठे) मागू?