गाडी जुनी पण कमी रनिंगची घ्यावी, की नवी पण जास्त रनिंगची?

प्रेषक: नवी सभासद, कँटन

नमस्कार मंडळी,

आम्ही मार्चमध्ये पुण्याहून मिशिगनमधल्या कँटनला आलो. आतापर्यंत एका छोट्या गाडीवर भागवलं. पण मुलीची शाळा, माझं ऑफिस आणि मे महिन्यात येणारे आई-बाबा, हे सगळं धरलं तर तीन रांगांची एसयूव्ही लागणारच. आईचे गुडघे दुखतात, खाली वाकून बसायची गाडी तिला जमत नाही.

दोन गाड्यांवर येऊन अडकलो आहोत.

पहिली २०१२ ची होंडा पायलट. रनिंग फक्त ५२,००० मैल. लिव्होनियातल्या एका आजींची आहे. पहिल्यापासून त्यांच्याकडेच, कायम गराजमध्ये. ११,९०० डॉलर मागतात.

दुसरी २०१८ ची टोयोटा हायलँडर. पहिलीसारखी तेरा वर्षांची नाही, सातच वर्षांची, पण १,३१,००० मैल झालेत. डीलरकडे आहे. आधीचा मालक कामासाठी रोज ग्रँड रॅपिड्सला जाऊन-येऊन करायचा म्हणे. १८,४०० सांगतात.

सोलापूरहून सासरे रोज फोनवर एकच सांगतात, "रनिंग बघ, बाकी काही बघू नकोस." ऑफिसातही सगळे पायलटकडेच बोट दाखवतात. मला मात्र तेरा वर्षं हा आकडा टोचतोय. कुणी यातून गेलं असेल तर नीट सांगा. सगळी बचत यात जाणार आहे.

प्रेषक: जुने सभासद, रोचेस्टर हिल्स

ताई, डोळे झाकून पायलट घ्या. आम्ही डॅलसला असताना १० वर्षांची, ४८,००० मैलांची एसयूव्ही घेतली होती. सहा वर्षं वापरली. तेल, टायर आणि एक बॅटरी, याखेरीज काही केलं नाही. १,३१,००० मैल म्हणजे गाडीचा रस काढून झालेला असतो.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, नोव्हाय

कँटनच्या ताईस,

माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून एकेरीत लिहितो. मी ३१ वर्षं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत काढली. त्यातली बरीच वर्षं भाग का निकामी होतात हे तपासण्यातच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोचेस्टर हिल्सच्या भाऊंचा अनुभव खरा आहे, पण तो डॅलसचा. आपण मिशिगनमध्ये आहोत. डेट्रॉईट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठच पडतं. रत्नागिरीला माझ्या मामाच्या घराच्या खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी खरवडून रंगवावे लागायचे. इथे गाडीच्या पोटाची तीच गत होते, आणि ते पोट कुणी रंगवत नाही.

"कायम गराजमध्ये" हे ऐकून बरं वाटतं. पण खाऱ्या बर्फाने माखलेली गाडी उबदार गराजमध्ये उभी केली की तो बर्फ वितळून सांध्यासांध्यांत शिरतो, आणि गंज थंडीपेक्षा उबेत वेगाने चढतो. गराजने वरचा रंग वाचतो. खालचं पाहायला वाकावंच लागतं.

आता मैलांचं. ५२,००० आणि १,३१,००० हे आकडे शेजारी ठेवले की दुसरी गाडी अडीच पट झिजलेली वाटते. पण इंजिन मैल मोजत नाही, ते तास चालतं. आजींची गाडी वाण्याकडे, डॉक्टरकडे, चर्चला गेली असेल. ताशी सरासरी २५ मैल धर. म्हणजे २,०८० तास. ग्रँड रॅपिड्सवाल्याची हायवेवर ताशी ५५ ने धर. म्हणजे २,३८० तास. फरक केवढासा राहिला, बघ. शिवाय आजींच्या दोन-तीन मैलांच्या फेऱ्यांत जानेवारीत इंजिन पुरतं तापतही नाही. तेलात पाणी धरतं, सायलेन्सर आतून गंजतो. हायवेवरची गाडी तासभर एका लयीत चालते. ब्रेकही कमी लागतात, गिअरही कमी बदलतात. मात्र तो माणूस खरंच हायवेवर जात होता का, हे डीलरच्या तोंडी बोलण्यावरून ठरवू नकोस. सर्व्हिसच्या पावत्यांवर तारीख आणि मैल दोन्ही असतात. सहा-सहा महिन्यांना नऊ-दहा हजार मैल दिसले तर खरं बोलतोय.

उलट, काही गोष्टी मैलांनी नाही, वर्षांनीच म्हाताऱ्या होतात. रबराचे होज, सील, बुश, टायर. टायरच्या कडेला 'DOT' (डीओटी) या अक्षरांपुढे शेवटचे चार आकडे बघ. ३२१५ असेल तर २०१५ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही खोल असो, दहा वर्षांच्या टायरवर आई-बाबांना बसवू नकोस.

पायलटच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टायमिंग बेल्ट, इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल जुळवून ठेवणारा पट्टा. त्या व्ही-६ इंजिनाला चेन नाही, रबरी पट्टा आहे. तो साधारण एक लाख मैल किंवा सात वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदलायचा. आजींचे लाख मैल कधी झालेच नाहीत, त्यामुळे कुणी आठवणही केली नसेल. हा पट्टा चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन जागीच संपतं. तसंच त्या वर्षांच्या पायलट टाकाटा कंपनीच्या एअरबॅगच्या रिकॉलमध्ये होत्या, म्हणजे सदोष एअरबॅग बदलायला परत बोलावल्या होत्या. एअरबॅग फुगवणारी स्फोटक दारूही उष्णता, दमट हवा आणि वर्षं यांनीच बिघडते. एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा खात्याच्या साइटवर गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक टाक, रिकॉलचं काम बाकी आहे का ते फुकट कळतं.

हायलँडरच्या इंजिनाला चेन आहे, ती चिंता नाही. पण १,२०,००० मैलांना स्पार्क प्लग बदलायचे असतात. मागचे तीन प्लग काढायला वरचा इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग, उतरवावा लागतो, म्हणून बरेच जण ते पुढच्या मालकावर ढकलतात. पाण्याच्या पंपाभोवती गुलाबी, वाळलेला थर दिसतो का तेही बघ. टोयोटाचं कूलंट गुलाबी असतं, पंप पाझरायला लागला की ते तिथे सुकून बसतं.

एवढं कळकळीने लिहिण्याचं कारण सांगतो. २०१६ साली धाकटी अॅन आर्बरला शिकत होती. तिच्यासाठी अकरा वर्षांची, ४१,००० मैलांची गाडी घेतली. आतून इतकी नवी की मागच्या सीटवर कुणी बसल्याची खूण नव्हती. मीही आतूनच पाहिली. एवढी वर्षं या धंद्यात असून लिफ्टवर चढवली नाही. मार्चमध्ये प्लिमथ रोडच्या सिग्नलला तिने ब्रेक दाबला आणि पेडल तळापर्यंत गेलं. मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी फुटली होती. ब्रेकचा दुसरा अर्धा भाग शाबूत होता म्हणून गाडी थांबली, पण चौकाच्या मधोमध. मेकॅनिकने ती नळी माझ्या हातात दिली. वरचा गंज पापुद्र्यासारखा बोटाला आला आणि खाली पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक. ती नळी मी अजून ठेवली आहे.

मिशिगनमध्ये गाडीची वार्षिक तपासणी सक्तीची नाही. म्हणजे आजींच्या गाडीचं पोट तेरा वर्षांत कुणी नीट पाहिलंच नसेल, असंही होऊ शकतं. दोन्ही गाड्या तुझ्या ओळखीच्या, स्वतंत्र मेकॅनिककडे ने. विकणाऱ्याच्या मेकॅनिककडे नको. लिफ्टवर चढव आणि स्वतः खाली उभी राहून बघ. ब्रेकच्या नळ्या, सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारा खालचा सांगाडा), मागच्या सस्पेन्शनचे जोड. नुकताच काळा स्प्रे मारलेला दिसला तर तिथे बोट लावून विचार, याखाली काय आहे? तपासणीला दीड-दोनशे डॉलर जातील, ते जाऊ देत. कोणती घ्यायची हे त्यानंतर ठरव.

प्रेषक: सभासद, ट्रॉय

काकांच्या पत्राला माझी थोडी जोड.

गाडी तू चालवणार आहेस आणि मागे मुलगी बसणार आहे, म्हणून सुरक्षेचं वेगळं बघ. आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या रस्ते-सुरक्षा संस्थेने २०१२ पासून एक नवी धडक चाचणी सुरू केली. गाडीच्या रुंदीचा फक्त पाव भाग, तोही चालकाच्या बाजूचा, ताशी ४० मैलांनी आदळतो. २०१४ साली मध्यम एसयूव्हींच्या निकालात तेव्हाच्या पायलटला सगळ्यात खालचा 'पुअर' शेरा मिळाला, हायलँडरला 'अॅक्सेप्टेबल'. शिवाय २०१७ पासूनच्या हायलँडरमध्ये आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सगळ्या मॉडेलांत आहे. हे गुण कमी रनिंगने गाडीला येत नाहीत.

पैशांचंही बघून ठेव. तेरा वर्षांच्या गाडीला बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत, रोखच मोजावे लागतात. ६ टक्के विक्रीकर दोन्हीकडे आहे. आजींकडून घेतलीस तर तो टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) बदलताना सेक्रेटरी ऑफ स्टेट या राज्य सरकारच्या ऑफिसात भरावा लागेल.

प्रेषक: नवी सभासद, कँटन

काका, ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दोन्ही गाड्या लिफ्टवर चढवल्या. काका, मी खाली उभी राहून पाहिलं.

पायलट वरून खरंच सुंदर. आत गाडीच्या पुस्तकाशेजारी आजींनी प्रत्येक पेट्रोल भरल्याची नोंद ठेवलेली वही होती. पण बेल्ट एकदाही बदललेला नाही. टायरवर २९१४. एअरबॅगचं रिकॉल झालेलं आहे, ती एक चिंता मिटली. मागच्या दोन्ही ब्रेकच्या नळ्यांवर मात्र पापुद्रे सुटलेले. मेकॅनिकने नखाने खरवडलं तर गंज माझ्या तोंडावर पडला. बेल्ट आणि पंप, नळ्या आणि टायर मिळून त्याने ३,२०० डॉलर सांगितले. करासकट गाडी १५,८०० च्या वर जाते.

हायलँडरच्या पावत्या मागितल्या. २०१९ पासून दर सहा महिन्यांना नऊ हजारांच्या आसपास मैल, जवळजवळ सगळं तेल वेळेवर. खाली गंज आहे, पण नुसता वरवरचा. नळ्या ठीक. पंपाखाली गुलाबी थर अगदी काकांनी लिहिला तसा, आणि प्लग बदलल्याची नोंद नाही. दोन्हीचे १,३५० होतील म्हणाला. तो कागद डीलरसमोर ठेवला, तर त्याने ११०० उतरवले. १७,३००, त्यावर कर आणि दुरुस्ती धरून १९,७०० च्या जवळ.

म्हणजे फरक जवळपास ३,९०० डॉलरचा. रविवारी रात्री आम्ही दोघं तो आकडा घेऊन बसलो. मला रोज आय-२७५ वरून जावं लागतं आणि मुलगी बरोबर असते. ट्रॉयच्या ताईंनी लिहिलेल्या त्या चाचणीचा व्हिडिओ बघितल्यावर पायलटबद्दल माझं मन उठलं. हायलँडर घेतली. कर्ज घ्यावं लागलं, त्याचा ताण आहे. सासऱ्यांना सांगितलं, तर ते थोडा वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, "खालून पाहिलीस ना? मग झालं."

आजींकडे नकार कळवायला जाताना मेकॅनिकचा कागद घेऊन गेले. त्या अजून दर रविवारी तीच गाडी चर्चला नेत होत्या. नळ्यांवर बोट ठेवून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी तो कागद वहीत ठेवला. काल त्यांचा फोन आला, मुलाने गाडी टो करून दुरुस्तीला नेली आहे.

आमचा पंप येत्या मंगळवारी बदलायचा आहे. त्या दिवशी दुपारी साडेतीनला चेरी हिल रोडच्या बाजूने कुणी जाणार असेल आणि मुलीला शाळेतून घरी सोडता येणार असेल, तर कृपया मला कळवा.