कालवांसोबत घेतली जाणारी मस्कादे

प्रश्न (मालवण): फ्रान्समधील नांत शहराच्या परिसरात ‘मेलाँ द बूर्गोन्य’ या द्राक्षापासून होणारी मस्कादे ही पांढरी वाईन तिथे कालवांबरोबर घेतात, तिचा स्वभाव नेमका कसा असतो? ही जात आपल्याकडे लावता येईल का?

उत्तर (रत्नागिरी): ती हलकी, कोरडी, आंबटसर आणि गंधाने जवळजवळ अबोल असते, म्हणूनच ती पुष्कळदा हिवाळाभर यीस्टच्या गाळावरच ठेवतात, जेणेकरून तिला थोडा भरीवपणा येतो. १७०९ च्या कडाक्याच्या थंडीत तिथले मळे गेल्यावर, थंडीला टिकणारी म्हणून ही जात पसरली. कोकणातल्या पावसात मात्र तिला केवडा हा बुरशीसारखा पानांवरचा रोग सोडणार नाही.

उत्तर (वेंगुर्ले): लिंबू पिळलेल्या कालवांना ती शोभेल; आमच्या तिखट तिसऱ्यांच्या सुक्यापुढे ती हरवेल, असे माझे मत आहे.